टेमघरला सर्वाधिक पाऊस कधी पडला? ‘मॅक्स’ फॉर्म्युला आणि त्याच्या खोडी

जून उजाडला की पुण्यात चार धरणांची नावं रोज कानावर पडतात: खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर. कुठे किती मिलिमीटर पडला, साठा किती टीएमसी (अब्ज घनफूट) झाला, मुठा नदीत किती क्युसेक सोडलं आणि भिडे पूल पाण्याखाली गेला का. बरेच जण हे आकडे रोज एक्सेलमध्ये किंवा गुगल शीट्समध्ये उतरवून ठेवतात. कोणी शाळेच्या प्रकल्पासाठी, कोणी नदीकाठच्या सोसायटीसाठी, कोणी निव्वळ हौस म्हणून. सप्टेंबर संपला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: सगळ्यात जास्त पाऊस कुठल्या दिवशी झाला?

त्यासाठी मॅक्स हा फॉर्म्युला आहे. शिकायला अर्धं मिनिट लागतं. पण मॅक्सला फक्त आकडा कळतो. तो कशाचा, कुठल्या दिवसाचा, कुठल्या एककातला, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. त्यामुळे चुकीचं उत्तरही तो तितक्याच निर्विकारपणे देतो. हा लेख मुख्यतः त्या चुकीच्या उत्तरांबद्दल आहे.

आधी एक खुलासा. खालचे फॉर्म्युले देवनागरीत लिहिले आहेत, पण शीटमध्ये टाकताना अक्षरं आणि अंक इंग्रजीच हवेत. मॅक्स म्हणजे एम-ए-एक्स. ई२ म्हणजे ई कॉलममधली दुसरी ओळ. पावसाचे आकडेही इंग्रजी अंकांतच टाका. मराठी कळफलकावरून टाकलेल्या आकड्यांवर हिशेब सोडू नका.

शीट असं धरू. पहिल्या ओळीत शीर्षकं. ए कॉलममध्ये तारीख, बी ते ई कॉलममध्ये अनुक्रमे खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर इथला त्या दिवसाचा पाऊस, मिलिमीटरमध्ये. १ जून ते ३० सप्टेंबर म्हणजे १२२ दिवस, म्हणून नोंदी ओळ २ ते ओळ १२३. पुढे येणारे पावसाचे आकडे नमुन्यादाखल आहेत.

साधा मॅक्स

रिकाम्या सेलमध्ये, समजा एच२ मध्ये, बरोबरचं चिन्ह टाकून लिहा:

=मॅक्स(ई२:ई१२३)

एंटर दाबलं की टेमघरचा सर्वात मोठा आकडा येतो, समजा १४२. कंस उघडल्यावर रेंज, म्हणजे सेलचा पट्टा, टाइप करण्याऐवजी माऊसने ई२ पासून ई१२३ पर्यंत ओढलं तरी चालतं. चारही धरणांत मिळून मोठा आकडा हवा असेल तर रेंज बी२:ई१२३ करा. मधला एखादा कॉलम वगळायचा असेल तर दोन रेंज स्वल्पविराम देऊन लिहा: =मॅक्स(बी२:बी१२३,डी२:ई१२३).

नुसतं एकदा बघायचं असेल तर फॉर्म्युलाही नको. कॉलम सिलेक्ट करा. एक्सेलमध्ये खालच्या पट्टीवर राइट-क्लिक करून ‘मॅक्सिमम’वर टिक केली की आकडा तिथेच दिसतो. गुगल शीट्समध्ये खाली उजवीकडे ‘सम’ दिसतं, त्यावर क्लिक करून ‘मॅक्स’ निवडा.

काही जण यासाठी कॉलम उतरत्या क्रमाने सॉर्ट करतात. करू नका. फक्त ई कॉलम सिलेक्ट करून सॉर्ट केला आणि ‘बाकीचे कॉलमही सोबत घेऊ का’ या एक्सेलच्या प्रश्नाला घाईत ‘नाही’ म्हटलं, तर पाऊस हलतो आणि तारखा जागेवरच राहतात. फाइल सेव्ह करून बंद केली की कुठला पाऊस कुठल्या दिवसाचा हे परत जुळवता येत नाही.

जे मॅक्सला दिसतच नाही

रेंजमधले रिकामे सेल आणि अक्षरं मॅक्स सोडून देतो. पाऊस नसलेल्या दिवशी तुम्ही ‘निरंक’ लिहिलं असेल, आकडा मिळाला नाही म्हणून ‘अप्राप्त’ लिहिलं असेल, तरी काही बिघडत नाही. (सरासरी काढताना मात्र बिघडतं. ‘निरंक’च्या जागी ० नसेल तर तो दिवस भागाकारातून गळतो आणि सरासरी फुगते.)

घोळ होतो तो आकड्यासारख्या दिसणाऱ्या अक्षरांमुळे. एखाद्या दिवशी कोणी १४२ ऐवजी ‘१४२ मिमी’ लिहिलं, की त्या सेलमधला मजकूर अक्षरं ठरतो. मॅक्स त्याला गुपचूप ओलांडतो आणि दुसऱ्या क्रमांकाचा आकडा, समजा ११८, पहिला म्हणून सांगतो. लाल खूण नाही, इशारा नाही. त्यात जास्त पाऊस पडला की उत्साहाने ‘मिमी’, उद्गारचिन्ह, कंसातला शेरा असं काहीबाही त्याच सेलमध्ये जोडलं जातं, म्हणजे नेमका मोठा आकडाच गळण्याची शक्यता जास्त.

वेबपेजवरून कॉपी केलेल्या आकड्यांचा त्रास वेगळा. त्यांच्यामागे कधीकधी न दिसणारी मोकळी जागा चिकटून येते. आकडा साधा दिसतो, पण सेलमध्ये डावीकडे सरकलेला असतो. खरे आकडे आपोआप उजवीकडे बसतात. ही खूण उपयोगी आहे, पण सगळा कॉलम मधोमध आणून ठेवला असेल तर तीही जाते.

म्हणून मॅक्सच्या आधी मोजणी:

=काउंट(ई२:ई१२३)
=काउंटए(ई२:ई१२३)

पहिला फक्त खरे आकडे मोजतो, दुसरा रिकामे नसलेले सगळे सेल. १२२ पैकी ९ दिवस ‘निरंक’ असेल तर पहिला ११३ आणि दुसरा १२२ दाखवेल. पहिला ११० निघाला, तर तीन आकडे अक्षरांच्या वेशात बसले आहेत.

ते दुरुस्त करायचे मार्ग तीन. ‘मिमी’ चिकटलं असेल तर कंट्रोल आणि एच दाबून ‘मिमी’च्या जागी काहीच नाही असं बदला. आधीची मोकळी जागाही शोधात घ्या, आणि सेलचा फॉरमॅट ‘टेक्स्ट’ असेल तर आधी ‘जनरल’ करा, नाहीतर बदलूनही अक्षरंच राहतात. एक्सेलमध्ये अख्खा कॉलम अक्षरांत अडकला असेल तर तो सिलेक्ट करून ‘डेटा’ मेनूतलं ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ उघडा आणि थेट ‘फिनिश’ दाबा. न दिसणाऱ्या जागेसाठी मात्र शेजारच्या रिकाम्या कॉलममध्ये हे लिहून खाली ओढावं लागतं:

=व्हॅल्यू(सबस्टिट्यूट(ई२,कॅर(१६०),""))

कॅर म्हणजे सी-एच-ए-आर. १६० हा त्या चिवट मोकळ्या जागेचा क्रमांक. नेहमीचा ट्रिम फॉर्म्युला ती काढत नाही, त्यामुळे ‘ट्रिम केलं तरी आकडा होत नाही’ अशी तक्रार आली की बहुतेक वेळा हीच जागा असते. ‘निरंक’ असलेल्या ओळीत हा फॉर्म्युला चूक दाखवेल. तिथे तुम्हीच ० लिहा.

रेंजमध्ये एकही आकडा नसेल तर मॅक्स ० देतो. म्हणजे ‘पाऊस पडला नाही’ आणि ‘नोंदच नाही’ या दोन्हींचं उत्तर एकच. फरक महत्त्वाचा असेल तर असं लिहा:

=इफ(काउंट(ई२:ई१२३)=०,"नोंद नाही",मॅक्स(ई२:ई१२३))

याच्या अगदी उलट वागणं चुकीच्या खुणांबाबत. रेंजमध्ये एका जरी सेलमध्ये #एन/ए किंवा #व्हॅल्यू! असेल तर मॅक्स अडून बसतो आणि तीच चूक उत्तर म्हणून दाखवतो. पाऊस कधी उणे नसतो, त्याचा फायदा घेता येतो:

=मॅक्सइफ्स(ई२:ई१२३,ई२:ई१२३,">=०")

शून्य किंवा त्याहून मोठ्या आकड्यांतला मोठा, अशी अट घातली की चुकीच्या खुणा अटीत बसत नाहीत आणि बाजूला पडतात. एक्सेल २०१० पासून =अ‍ॅग्रीगेट(४,६,ई२:ई१२३) हाही उपाय आहे. त्यातला ४ म्हणजे ‘मोठ्यात मोठा’ आणि ६ म्हणजे ‘चुका सोडून द्या’. तरी आधी ती चूक का आली ते बघावं, कारण झाकलेली चूक पुढच्या हिशेबात वर येतेच.

किती नव्हे, कधी

१४२ हा आकडा मिळाला, पण प्रश्न दिवसाचा होता. त्यासाठी दोन फॉर्म्युल्यांची जोडी लागते:

=इंडेक्स(ए२:ए१२३,मॅच(मॅक्स(ई२:ई१२३),ई२:ई१२३,०))

आतून बाहेर वाचा. मॅक्स सर्वात मोठा आकडा काढतो. मॅच तो ई कॉलममध्ये कितव्या जागी आहे ते शोधतो, समजा ५५ व्या. इंडेक्स ए कॉलममधल्या ५५ व्या जागेवरची तारीख आणून देतो. शेवटचं ० विसरू नका. त्याचा अर्थ ‘तंतोतंत जुळणारा’. ते गाळलं तर मॅच आकडे चढत्या क्रमाने आहेत असं गृहीत धरतो, आणि पाऊस काही चढत्या क्रमाने पडत नाही. उत्तर येतं, पण भलत्याच दिवसाचं.

दोन्ही रेंज एकाच ओळीपासून सुरू व्हायला हव्यात. ए१ पासून आणि ई२ पासून घेतल्या तर उत्तर बरोबर एक दिवस आधीचं येतं, आणि एका दिवसाचा फरक नजरेला खटकत नाही.

एक्सेल २०२१, मायक्रोसॉफ्ट ३६५ आणि गुगल शीट्समध्ये सुटसुटीत पर्याय आहे:

=एक्सलुकअप(मॅक्स(ई२:ई१२३),ई२:ई१२३,ए२:ए१२३)

उत्तर म्हणून ४५४९८ असा आकडा दिसला तर घाबरू नका. ती २५ जुलै २०२४ आहे. सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं तो दिवस. एक्सेल तारखा दिवसांच्या क्रमांकाने साठवतं, १ जानेवारी १९०० म्हणजे १. सेलचा फॉरमॅट ‘डेट’ केला की तारीख दिसते. हाच गुण दुसरीकडे कामी येतो: =मॅक्स(ए२:ए१२३) लिहिलं की शेवटची नोंद कुठल्या तारखेची ते कळतं.

आता तारखेचा अर्थ. हवामान खातं चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतं. म्हणजे २५ जुलैच्या नावावरचा पाऊस २४ च्या सकाळी साडेआठपासून २५ च्या सकाळी साडेआठपर्यंतचा. त्यातला बराचसा लोकांच्या आठवणीत ‘चोवीसच्या रात्रीचा’ असतो. ‘शीटमध्ये तारीख चुकली आहे’ असं कोणी म्हटलं तर आधी ही शक्यता तपासा. तुमचे आकडे दुसऱ्या खात्याच्या पत्रकातले असतील तर त्यांची मोजणीची वेळ त्या पत्रकातच बघा, आणि दोन खात्यांचे आकडे एका कॉलममध्ये मिसळू नका.

समान आकडे हा आणखी एक खाचखळगा. १४२ मिलिमीटर दोनदा पडला असेल तर मॅच आणि एक्सलुकअप दोघंही वरून पहिला दिवस देऊन मोकळे होतात. सगळे दिवस हवेत तर:

=फिल्टर(ए२:ए१२३,ई२:ई१२३=मॅक्स(ई२:ई१२३))

हा जितके दिवस असतील तितक्या तारखा खालोखाल मांडतो. म्हणून खालचे सेल मोकळे ठेवा, नाहीतर एक्सेल #स्पिल! दाखवून थांबेल.

त्या दिवशी कुठलं धरण?

प्रत्येक ओळीत कुठल्या धरणावर जास्त पडला हे जी२ मध्ये काढून खाली ओढायचं असेल तर:

=इंडेक्स($बी$१:$ई$१,मॅच(मॅक्स(बी२:ई२),बी२:ई२,०))

डॉलरचं चिन्ह म्हणजे खिळा. फॉर्म्युला खाली ओढताना बी२:ई२ चं बी३:ई३ व्हायला हवं, पण शीर्षकांची ओळ जागेवरच राहायला हवी, म्हणून तिला खिळे मारले. ते विसरलात तर तिसऱ्या ओळीत धरणाच्या नावाऐवजी आदल्या दिवशीचा पाऊस येईल.

टेमघर घाटमाथ्याला लागून असल्यामुळे बहुतेक दिवस त्याचंच नाव दिसेल. पण मध्येच कोरड्या दिवसांवर खडकवासला चमकू लागलं तर ते खरं मानू नका. चारही ठिकाणी ० असेल तर मोठ्यात मोठा आकडा ० आणि पहिलं ० बी कॉलममध्ये, म्हणजे खडकवासल्याच्या खात्यात. ओळ अगदी रिकामी असेल तर उलट #एन/ए येतं, कारण मॅक्स ० म्हणतो आणि मॅचला रिकाम्या सेलमध्ये ० सापडत नाही. दोन्हींवर एकच औषध: पुढे इफ(मॅक्स(बी२:ई२)=०,"कोरडा", … ) असं लावा आणि शेवटी कंस बंद करा.

फक्त जुलैमधला

=मॅक्सइफ्स(ई२:ई१२३,ए२:ए१२३,">="&डेट(२०२४,७,१),ए२:ए१२३,"<"&डेट(२०२४,८,१))

पहिली रेंज ज्यातून मोठा आकडा हवा ती. नंतर रेंज आणि अट अशा जोड्या. तुलनेचं चिन्ह अवतरणात आणि तारीख & ने बाहेरून जोडलेली. सगळंच अवतरणात कोंबलं तर चालत नाही. सगळ्या रेंज सारख्याच लांबीच्या हव्यात, एक १२३ ला आणि दुसरी १२२ ला संपली तर एक्सेल #व्हॅल्यू! देतं.

मॅक्सइफ्स एक्सेल २०१९ मध्ये आलं. ऑफिसातल्या जुन्या संगणकावर २०१६ असेल तर #नेम? दिसतं. तिथे =मॅक्स(इफ(मंथ(ए२:ए१२३)=७,ई२:ई१२३)) लिहून नुसतं एंटर न दाबता कंट्रोल, शिफ्ट आणि एंटर एकत्र दाबा. फॉर्म्युल्याभोवती महिरपी कंस आपोआप येतात. ते हाताने टाइप करून उपयोग नाही.

अटीत काहीच बसलं नाही तर मॅक्सइफ्सही ० देतो. भर जुलैत टेमघरला ० आलं तर संशय तारखांवर घ्या. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर तो महिना आधी वाचतो. २५/७/२०२४ मध्ये पंचविसावा महिना नसल्याने ती अक्षरं ठरते. ५/७/२०२४ मात्र गपचूप ७ मे होते. सगळा हंगाम असा भरला असेल तर १२२ पैकी फक्त ४८ तारखा ‘खऱ्या’ उरतात, दर महिन्याच्या पहिल्या बारा. आणि तुमच्या ‘जुलै’त फक्त चार दिवस येतात: ७ जून, ७ जुलै, ७ ऑगस्ट आणि ७ सप्टेंबर. =काउंट(ए२:ए१२३) १२२ ऐवजी ४८ दाखवत असेल तर हेच झालंय. विंडोजच्या ‘रीजन’मध्ये इंग्लिश (इंडिया) निवडा, गुगल शीट्समध्ये ‘फाइल’मधल्या ‘सेटिंग्ज’मध्ये लोकेल भारत करा, आणि तारखा नव्याने भरा. आधी उलटलेल्या तारखा मांडणी बदलून सुलट होत नाहीत.

पहिले पाच

जे कॉलममध्ये जे२ पासून खाली १ ते ५ लिहा आणि शेजारी, के२ मध्ये, =लार्ज($ई$२:$ई$१२३,जे२) टाकून खाली ओढा. लार्ज समान आकडे वेगवेगळे धरतो: १४२ दोनदा असेल तर पहिला आणि दुसरा दोन्ही १४२. त्याहून खालचा पहिला वेगळा आकडा हवा असेल तर =मॅक्सइफ्स(ई२:ई१२३,ई२:ई१२३,"<"&मॅक्स(ई२:ई१२३)).

फिल्टर लावून मॅक्स बघणाऱ्यांसाठी एक ओळ पुरे: मॅक्स झाकलेल्या ओळीही मोजतो. फक्त दिसणाऱ्या ओळींतला मोठा आकडा हवा तर =सबटोटल(४,ई२:ई१२३). हाताने लपवलेल्या ओळीही वगळायच्या असतील तर ४ च्या जागी १०४.

आकडा बरोबर, अर्थ चूक

पत्रकात ‘आजचा पाऊस’ आणि ‘१ जूनपासून आजअखेर’ असे दोन कॉलम असतात. दुसऱ्यावर मॅक्स लावला तर उत्तर शेवटच्या दिवसाचंच येणार, कारण बेरीज कधी कमी होत नाही. त्यातून काही कळत नाही. उलट आजअखेरचा मॅक्स शेवटच्या ओळीत नसेल तर मधली एखादी नोंद चुकली आहे, म्हणजे तपासणीपुरता तो कामाचा आहे.

ई१२४ मध्ये ‘एकूण’ची बेरीज असेल आणि तुम्ही सोयीसाठी ई:ई अशी अख्ख्या कॉलमची रेंज दिली असेल, तर मॅक्स ती बेरीजच उचलतो. आणि मॅक्स स्वतःच ई कॉलममध्ये लिहिला असेल तर तो स्वतःलाच मोजू पाहतो आणि एक्सेल चक्राकार संदर्भाची तक्रार करतं. एकूण आणि मॅक्स दोन्ही बाजूच्या कॉलममध्ये किंवा वेगळ्या शीटवर ठेवणं बरं.

साठ्याच्या कॉलममध्ये एककांचा गोंधळ होतो. काही पत्रकं टीएमसीत असतात, काही दलघमीत (दशलक्ष घनमीटर). १ टीएमसी म्हणजे सुमारे २८.३२ दलघमी. खडकवासल्याचा पूर्ण साठा १.९७ टीएमसी, म्हणजे जवळजवळ ५५.८ दलघमी. एका दिवशी चुकून ५५.८ उतरवलं तर मॅक्स त्यालाच हंगामातला उच्चांक म्हणेल. इथे धरणांची क्षमता हाताशी असली की फसगत टळते: पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१, चारही मिळून २९.१५ टीएमसी. उत्तर त्याहून फार वर असेल तर फॉर्म्युला नव्हे, नोंद तपासा. पावसातही तसंच. हवामान खात्याच्या काही बातमीपत्रांत पाऊस सेंटिमीटरमध्ये असतो. तिथला १४ तुमच्या शीटमध्ये १४० म्हणून यायला हवा, नाहीतर हंगामातला सर्वात मोठा दिवस रिमझिमीचा ठरेल.

अनेक वर्षांचा उच्चांक

दर वर्षाला वेगळं शीट आहे, टॅबची नावं २०२१ ते २०२४, आणि सगळ्यांची मांडणी सारखी आहे, तर एक्सेलमध्ये एका फटक्यात होतं:

=मॅक्स('२०२१:२०२४'!ई२:ई१२३)

गुगल शीट्समध्ये ही सोय नाही. तिथे प्रत्येक शीटची रेंज स्वतंत्र लिहून स्वल्पविरामाने जोडावी लागते. एक्सेलमध्येही एक गोष्ट लक्षात ठेवा: हा फॉर्म्युला नावातलं वर्ष वाचत नाही, खालच्या टॅबची जागा बघतो. २०२१ आणि २०२४ या दोन टॅबच्या मध्ये जे जे शीट असेल ते मोजलं जातं, मग ते ‘कच्चं’ नावाचं का असेना. आणि २०२३ चा टॅब कोणी ओढून २०२४ च्या पलीकडे नेला, तर ते वर्ष हिशेबातून गळतं. फॉर्म्युला मात्र जसाच्या तसा दिसत राहतो.